वडील सौदीतून परत पाठवले गेले, दहावीतली मुलगी घर ओढतेय: तिच्याकडे काय ठेवायचं, काय काढून घ्यायचं?

पासोडी
सोलापूरच्या विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं, कुटुंब आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. वडील आठ वर्षं रियाधला एसी मेकॅनिक. कफिलाने (तिकडच्या मालकाने) हुरूब, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, लावला, रस्त्यावरच्या तपासणीत सापडले, तीन आठवडे तरहीलमध्ये (परत पाठवायच्या लोकांच्या कोठडीत) होते आणि सप्टेंबरात इमर्जन्सी सर्टिफिकेटवर (पासपोर्टऐवजी दूतावास देतो त्या परतीच्या कागदावर) मुंबईला उतरले. सोबत एक हँडबॅग. आई विड्या वळते, घरात तेलुगू, तिला मराठी वाचता येत नाही. आजीला बीपी. मुलगी १५ वर्षांची, दहावीत. भाऊ नऊ वर्षांचा.

आता घरातलं सगळं मुलगी बघते. पाणी भरणं, रेशन, भावाचा डबा, आजीच्या गोळ्या, गटाच्या कर्जाच्या हप्तेवाल्याचे फोन, ऑनलाइन अर्ज. गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी १७ पडायचे, यावेळी ६. वडील भिंतीकडे तोंड करून पडून असतात, रात्री झोप लागत नाही म्हणतात. आई म्हणते, दहावी झाली की पोरीला टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला घालू.

तीन प्रश्न. मुलीकडचं कोणतं काम कुणाकडे जावं? वडिलांचे तिकडचे पैसे निघतील का? आणि वडिलांना उठवायचं कसं? नुसतं "धीर द्या" लिहू नका. कुठे जायचं, काय न्यायचं ते लिहा.

नवी_पेठवाला
पहिलं काम: त्या घरात कुणीही "हद्दपार" म्हणू नये. पेपरवाले लिहितात, पण सोलापुरात हद्दपार म्हटलं की तडीपारीच आठवते. वर्गात एकाने म्हटलं की वर्षभर तेच चालतं.

फळा_खडू
नवी_पेठवाला बरोबर. मुलीला आणि भावाला एकच वाक्य द्या, दोघांनी तेच म्हणायचं: "पप्पांची तिकडची कागदं संपली म्हणून ते परत आले." खरं आहे, छोटं आहे, आणि पुढे विचारण्यासारखं त्यात काही राहत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला घरातही एवढंच सांगा, वर एक जोड: "पप्पांनी चोरी केली नाही, मारामारी केली नाही." लहान पोरांच्या डोक्यात पोलीस म्हणजे चोर हे पक्कं असतं. ते विचारत नाहीत, मनात ठेवतात.

आता शाळा. वर्गशिक्षकांना अर्ध्या पानाचा अर्ज द्या, तोंडी नको. मुलगी कोणत्या दिवशी गैरहजर राहिली आणि का, तारखांसह. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. कमी भरली तर मुख्याध्यापक कारण देऊन विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवू शकतात (आपलं मंडळ पुण्याचं), पण फाइलमध्ये आधीपासून कागद असला तरच त्यांचा हात चालतो. फेब्रुवारीत धावत जाऊन काही होत नाही. बोर्डाचा फॉर्म भरलाय ना हे आजच विचारा, आणि फॉर्मवरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव तिला स्वतः वाचायला सांगा.

सहा गुणांचं वाईट वाटून घेऊ नका. गणितात एक प्रकरण बुडालं की पुढची दोन आपोआप बुडतात. कोणत्या आठवड्यात ती शाळेत नव्हती ते काढा आणि तेवढंच शिकवा.

शेंगाचटणी
गैरहजेरीचे दिवस पाण्याच्या दिवसांशी जुळवून बघा. पैज लावते.

पासोडी
बघितलं. सातपैकी पाच दिवस पाण्याचेच. तुम्हाला कसं कळलं?

शेंगाचटणी
चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे न कळायला काय झालं? रात्री दीडला पाणी येणार, पहाटे साडेतीनपर्यंत बॅरल, टाकी, घागरी. साडेसातच्या शाळेला कोण उठेल? पाण्याचं काम आजपासून वडिलांचं. रात्री झोप लागत नाही म्हणतायत ना, मग जागायला कारण तरी मिळेल. मोटार लावणं, पाइप फिरवणं, वरची टाकी भरली की कॉक बंद करणं, यात कुणाशी बोलावं लागत नाही. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटणाऱ्या माणसाला हे पहिलं काम बरं.

खाडीकाठ
पैशांबद्दल. यात मुदत आहे म्हणून लांब लिहितो.

सौदीच्या कामगार कायद्यात नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांत दावा लावावा लागतो. सप्टेंबरपासून नाही, कामावर शेवटचा दिवस कोणता तिथपासून धरा. हुरूब आधी लागला असेल तर वर्षातले काही महिने गेलेतच.

मिळण्यासारख्या गोष्टी दोन. एक थकलेला पगार. दोन, सेवासमाप्तीची रक्कम: पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा, शेवटच्या पगारावर. समजा शेवटचा पगार १८०० रियाल. पाच वर्षांचे ४५००, पुढच्या तीन वर्षांचे ५४००, एकूण ९९००. पण हुरूब म्हणजे "कामगार पळाला" अशी मालकाची नोंद. ती टिकली तर मालक सेवासमाप्तीच्या रकमेवर हरकत घेणार. थकलेला पगार मात्र थकलेलाच राहतो, त्याला हुरूबने धक्का लागत नाही. म्हणून दोन्ही मागण्या एका रकमेत घालू नका, वेगवेगळ्या लिहा. एक अडकली तरी दुसरी चालते.

कागद: इकाम्याचा, म्हणजे सौदीच्या रहिवासी ओळखपत्राचा, नंबर (कार्ड जप्त झालं असेल तर फोनमधला फोटो चालतो), कराराची प्रत, बँकेत पगार जमा झाल्याचे मेसेज, कफिलाचं किंवा कंपनीचं अरबीतलं पूर्ण नाव, पासपोर्टची झेरॉक्स, परत आल्याची तारीख दाखवणारं काहीही. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर करा, ती तिथून रियाधच्या दूतावासात जाते. मोफत असते. आधी फोनवर विचारायचं असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्र, १८००-११-३०९०.

तिकडचा कुणी ओळखीचा माणूस दावा चालवणार असेल तर त्याच्या नावाने मुखत्यारपत्र लागेल. नोटरी, मग राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का). सौदी डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल मानतं, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची जुनी फेरी आता नाही. कुणी त्या फेरीचे पैसे मागितले तर देऊ नका. मुखत्यारपत्रात "दावा चालवणे" आणि "रक्कम स्वीकारणे" हे दोन अधिकार वेगळे लिहायचे. दुसरा द्यायचा की नाही हे माणूस बघून ठरवा.

आणि सौदीचं सिम शोधा. अबशरचा (सौदी सरकारच्या ऑनलाइन सेवेचा) ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम बंद पडलं की हुरूब कोणत्या तारखेला लागला हे घरबसल्या बघायची सोय गेली.

कडकभाकरी
खाडीकाठ, सगळं ठीक, पण एवढं वाचून ते घर आशेला लागेल. तरहीलमधून आलेल्याचे पैसे किती निघतात?

खाडीकाठ
अपेक्षा माफकच ठेवावी. म्हणून तर म्हणतो, हे मुलीच्या हातात देऊ नका. तिने अर्ज भरला आणि काही आलं नाही, तर ती समजेल की आपलाच फॉर्म चुकला. अर्ज वडिलांनी करायचा. रियाधला आठ वर्षं काढलेल्या माणसाला हिंदी येतं, कामापुरतं अरबी येतं, कफिलाचं नाव त्यालाच माहीत. कर्ज फेडायचा हिशेब मात्र हे पैसे शून्य धरून करा.

सेतूवाला
कागदांची खरी गोम अजून कुणी लिहिली नाही. वडिलांच्या आधारला कोणता मोबाइल जोडलाय? आठ वर्षांपूर्वीचा, केव्हाच बंद झालेला. मग कुठल्याच कामाचा ओटीपी येणार नाही आणि पोरगी सेतूत तीन-तीन चकरा मारत राहील. म्हणून क्रम असा: आधी आधार केंद्रावर वडिलांनी स्वतः जाऊन मोबाइल बदलायचा. कागद लागत नाही, बोट लावावं लागतं, दुसऱ्याने जाऊन होत नाही. नंबर जोडला गेला की बाकीचं.

बाकीचं म्हणजे रेशनकार्डाची ई-केवायसी. घरातल्या प्रत्येकाची लागते, परदेशात असलेल्याची राहून जाते आणि नावापुढे खूण पडते. आजीची बोटं उमटत नसतील तर दुकानदाराशी वाद घालू नका. आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईच्या बोटावर रेघ उरत नाही, पान-तंबाखूने घासून जाते. डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या पर्यायाने करून मागा.

आईची लाडकी बहीण चालू असेल तर तिच्या ई-केवायसीला नवऱ्याचा आधार ओटीपी लागतो. परत तोच बंद नंबर. तिथे अडकलं की दर महिन्याचे १५०० थांबतात.

उत्पन्नाचा दाखला: वडील परत आले म्हणून मागच्या वर्षी आलेले पैसे पुसले जात नाहीत. एक वर्षाचा दाखला मागचं वर्ष धरतो. खोटं कमी लिहून घेऊ नका, बँकेत पैसे जमा झालेले दिसतात.

आणि एक उलट्या बाजूचा फायदा. आठ वर्षं वडिलांच्या सहीवाचून अडकलेली कामं आता होतील. जातीचा दाखला, पडताळणीसाठी वडिलांच्या बाजूचे जुने शाळेचे कागद. अकरावीनंतर हे धावपळीत करण्यापेक्षा आत्ता, माणूस घरी आहे तोवर. वडिलांना यादी करून द्या.

हातमाग_ते_पॉवरलूम
म्हणजे वडिलांना पूर्णवेळ नोकरी लागली की. सेतू कार्यालयात, बिनपगारी.

सेतूवाला
हसा. पण रांगेत उभा राहिलेला माणूस निदान अंघोळ करून बाहेर पडतो.

विडीपत्ता
विडीचं बोलू. आई रोज हजार विड्यांच्या मागे असते. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, भरायची, वळायची, तोंड मोडायचं, दोऱ्याने बांधायचं, कट्टे (जुड्या) करायचे. हजाराला जवळजवळ सगळा दिवस जातो. कारखान्यात छाट (नापास विड्या) निघाली की तेवढ्या विड्या वाया, वर पान-तंबाखूचा हिशेब द्यायचा. संध्याकाळी हजार पुरा होत नसला की मुलगी बसते. ते "जरा मदत" म्हणून सुरू होतं, मग रोजचंच होतं.

कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला विडीच्या कामाला घरातही बसवता येत नाही. घरच्या उद्योगाला मदत करायची सूट धोक्याच्या कामांना लागू नाही. म्हणजे नऊ वर्षांच्या भावाने तोंडं मोडणं बंद. मुलगी १५ ची आहे, पण तंबाखूची पूड ज्या खोलीत उडते त्याच खोलीत ती अभ्यास करत असेल तर आधी जागा बदला. एकच खोली असेल तर संध्याकाळी सातला तंबाखूचं सूप झाकून, ओल्या फडक्याने पुसून, मगच पुस्तक.

आईच्या विडी कामगार ओळखपत्राचं बघा. त्यावर मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे: नववी-दहावीला वर्षाला २०००, अकरावी-बारावीला ३०००, व्यावसायिक अभ्यासक्रमांना २५,००० पर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, मुलीचं स्वतःचं बँक खातं लागतं, आणि खात्यावरचं नाव शाळेच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. तेलुगू घरात हमखास घोळ इथेच. शाळेत आडनाव शेवटी, आधारवर तेच आडनाव (तेलुगूत इंटिपेरू) पुढे.

कडकभाकरी
कायदा सांगायला सोपा आहे हो. हजारातल्या दोनशे विड्या कमी झाल्या तर त्या दिवसाचं तेल-मीठ कुठून आणायचं?

विडीपत्ता
प्रश्न रास्त आहे. त्या दोनशे वडिलांनी वळाव्यात. बोटं सुरुवातीला वळणार नाहीत, छाट जास्त निघेल. पण पानं कापणं आणि कट्टे बांधणं पुरुषाला दोन दिवसांत येतं, आणि आईचा बराच वेळ कापण्यातच जातो. "बायकांचं काम" म्हणणारे घरकुलात भेटतील. त्यांना हजार वळून दाखवा म्हणावं.

हप्ता_बंद
कर्जाचं. मुलगी हप्तेवाल्याशी बोलते ही या धाग्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, पाण्यापेक्षाही. कारण ती नुसती बोलत नाही, आईला तेलुगूत सांगते. हप्तेवाला जे बोलला त्यातल्या शिव्या गाळून आईला सांगायचं, गाळलेल्या स्वतःजवळ ठेवायच्या. पंधरा वर्षांच्या पोरीने हे रोज करायचं?

उपाय सोपा आहे. कंपनीच्या शाखेत जाऊन कर्जाच्या नोंदीतला फोन नंबर बदलायचा. मुलीच्या हातातल्या फोनचा काढून वडिलांचा नवा घालायचा. लेखी द्या, पोच घ्या. मायक्रोफायनान्सवाल्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, घरच्यांना धमकवायचं नाही, वसुली ठरलेल्या जागीच (तिथे लागोपाठ दोनदा गेलं नाही तरच घरी येता येतं). २०२२ पासून सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असंही आहे. रियाधचे पैसे धरून कर्ज दिलं असेल तर उत्पन्न बदलल्याचं लेखी कळवा आणि हप्ते लांबवून मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

व्हिसासाठी खासगी सावकाराकडून घेतले असतील तर परवाना आहे का ते बघा. कोरा धनादेश, कोरा स्टॅम्प किंवा घराची कागदपत्रं ठेवून घेतली असतील तर महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ खाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार होते. आणि मुलीची सही कुठल्याही कागदावर नको, साक्षीदार म्हणूनही नको. अल्पवयीन मुलीवर त्याची जबाबदारी येत नाही हे खरं, पण एकदा सही केली की "तुझी सही आहे" म्हणून घाबरवायला त्यांना पुरतं. पोरीला उद्देशून धमकी आली तर १०९८.

तुळजापूर_नाका
मला वाटतं मुलीला कर्जाचा आकडा तरी माहीत असावा. लपवाछपवी केली की पोरं डोक्यात दुप्पट धरतात.

हप्ता_बंद
आकडा कळावा की. वसुली तिच्याकडे नको.

मनमोकळं
इथे मी तुळजापूर_नाकाच्या बाजूने, एका अटीवर. आकडा सांगताना सोबत "फेडायचं कुणी" हेही सांगायचं. "एवढे देणं आहे, ते मी आणि अम्मा फेडणार, तुझ्याकडे त्यातलं काही नाही." हे वडिलांच्या तोंडून यायला हवं. नुसता आकडा ऐकला की पोर मनातल्या मनात पगाराची नोकरी शोधायला लागतं. आणि मोठ्यांनी लाडाने म्हणायचं ते वाक्य, "आता तूच आमचा आधार", कृपा करून बंद करा. शाबासकी कामाची द्या: भावाचा डबा वेळेत झाला, छान झाला.

लक्ष कशावर ठेवायचं: दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालेली, सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखणं, मैत्रिणींकडे जाणं बंद, लहानसहान चुकीवर स्वतःला मारून घेणं. भावाच्या बाबतीत अंथरुणात लघवी पुन्हा सुरू होणं, किंवा वडील दुकानात गेले तरी दाराशी उभं राहणं. हे दिसलं तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात ओपीडीला न्या, किंवा टेलिमानस १४४१६ ला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

वडिलांबद्दल वेगळं. आठ वर्षं त्यांचा बाप म्हणून अधिकार व्हिडिओ कॉलवर आणि पाठवलेल्या पैशांवर चालला. दोन्ही एकदम गेलं. शिवाय घरात कुठली वस्तू कुठे असते हे त्यांना माहीत नाही, पोरीला माहीत आहे. अशा वेळी काही जण भिंतीकडे तोंड करतात, काही एकदम हुकूम सोडायला लागतात. दुसरं झालं तर मुलीशी खटके उडतील, तयारी ठेवा. "उठा, काहीतरी करा" म्हणू नका. ठरलेली वेळ आणि ठरलेलं काम, आठवड्याला एक वाढवायचं. पहिल्या आठवड्यात पाणी. दुसऱ्यात आधार केंद्र. तिसऱ्यात भावाला शाळेत सोडणं, ते लगेच नको, कारण फाटकापाशी लोक विचारतात. जेवण सोडलं, दारू सुरू झाली किंवा "मी नसतो तर बरं" असं बोलले, तर आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी सिव्हिल.

बालसंगोपन
क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा की.

सेतूवाला
या घराला बसणार नाही. आई-वडील दोघंही घरात आहेत, दोघंही सांभाळू शकतात. ती योजना एक पालक नसलेल्या, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेल्या मुलांसाठी. बालकल्याण समिती चौकशी करते, उगीच चकरा होतील. वडील अजून तिकडच्या कोठडीत अडकलेत, इथे मूल आजीजवळ आहे, अशा घरांनी मात्र जरूर विचारावं.

एडिसनकर
थोडं अवांतर, पण शोधत शोधत या धाग्यावर अमेरिकेतली मंडळीही येतील. तिथे उलटं होतं: पालक भारतात, मूल तिकडे, कारण मूल तिथलं नागरिक. त्या घरांनी आधीच करायच्या गोष्टी: शाळेच्या आपत्कालीन संपर्कात विश्वासाच्या दोन माणसांची नावं, मुलाची काळजी घ्यायचा अधिकार देणारं नोटरी केलेलं पत्र (प्रत्येक राज्याचा नमुना वेगळा, तिथल्या वकिलाकडून), आणि मुलाचा पासपोर्ट तयार. १६ वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. एक पालक परत पाठवला गेला की त्याची संमती डीएस-३०५३ फॉर्मवर सही करून द्यावी लागते, आणि ती तीन महिन्यांत वापरावी लागते. मूल इकडे कायमचं आणणार असाल तर पर्यटक व्हिसावर आणून सोलापुरात शाळेत घालू नका. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) किंवा एंट्री व्हिसा आधी.

मुलांना एक सांगायचंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून परत पाठवलेल्यांना घेऊन अमृतसरला उतरलेल्या विमानाची, बेड्यांची चित्रं त्यांनी फोनवर बघितलेली असतात. "पप्पांनाही असंच आणलं का?" हा प्रश्न येणार. उत्तर काय द्यायचं ते आधी ठरवा, आणि ते खरंच असू द्या.

हातमाग_ते_पॉवरलूम
धागा विडी घरकुलातून न्यू जर्सीला गेला. कुणीतरी हुतात्मा एक्सप्रेसने परत आणा.

गारवा
आणतो. वडील एसी मेकॅनिक आहेत हे सगळे विसरले. सोलापूरच्या उन्हात हा माणूस बेकार राहूच शकत नाही, फक्त नोव्हेंबरात हे कुणाला पटत नाही. सीझन होळीच्या आधीच सुरू होतो, सर्व्हिसिंगची कामं फेब्रुवारीपासून. हातात तीन महिने आहेत.

तिकडे डक्टचं किंवा पॅकेज युनिटचं काम केलं असेल तर इथे फरक पडेल. इथे घरोघरी एक-दीड टनाचा स्प्लिट, नव्या मशीनमध्ये आर-३२ गॅस. तो पेट घेऊ शकतो. लाइनमध्ये गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगची (नळ्या जोडायची) ज्योत लावायची नाही, आधी पूर्ण काढून नायट्रोजन मारायचा. व्हॅक्यूम पंप न लावता नुसता गॅस सोडून हवा काढायची पद्धत काही जण वापरतात. त्याने ओल आत राहते आणि पुढे कॉम्प्रेसरची तक्रार येते. सुरुवातीला सगळी हत्यारं विकत घेऊ नका. मॅनिफोल्ड गेज, फ्लेअरिंगचा सेट, क्लॅम्प मीटर आणि सर्व्हिसिंगचा पाण्याचा पंप एवढ्यावर दुसऱ्याच्या हाताखाली एक सीझन निघतो. सूतगिरण्यांमध्ये ह्युमिडिफिकेशन प्लांट असतात, मोठ्या युनिटवर हात बसलेल्याने तिथेही विचारावं. अनुभव आहे पण प्रमाणपत्र नाही, अशांसाठी आयटीआयत पूर्वानुभवाच्या परीक्षेची चौकशी करा.

खाडीकाठ
गारवाला जोडून एक धोक्याची सूचना. या घरी एजंट येणार, आला नसेल तर महिन्याभरात येईल. "नवा पासपोर्ट काढू, नावात एक अक्षर बदलू, परत पाठवतो." तरहीलमध्ये दहाही बोटांचे ठसे घेतलेत. नाव बदललं तरी रियाधच्या विमानतळावर बोट तेच. तिथून ठसे घेऊन पाठवलेल्याला कामाच्या व्हिसावर पुन्हा सौदीत प्रवेश नाही, हज-उमराचं वेगळं. वर इकडे पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा. दुसऱ्या देशात जायचंच असेल तर एजंट ई-मायग्रेटवर (परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर) नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी, याच्यावर घेता येत नाहीत, आणि पावती द्यावी लागते.

शेंगाचटणी
आणि शुक्रवारी स्वयंपाक वडिलांकडे. आठ वर्षं सात जणांच्या खोलीत राहिलेल्या माणसाला कब्सा (तिकडचा मसालेदार मटण-चिकन भात) येतोच येतो. पोरांना माहीत नसतं की बाप स्वयंपाक करतो.

हातमाग_ते_पॉवरलूम
कब्सा आणि शेंगाचटणी. घरकुलात रांग लागेल.

फळा_खडू
पासोडींचा मूळ प्रश्न राहतोय. मुलीकडे काय ठेवायचं? "सगळं काढून घ्या" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन महिने घर चालवलेल्या मुलीच्या हातून सगळं एका दिवसात काढलं तर तिला वाटतं आपण नापास झालो. तिला जे जमतं आणि जे वेळेत संपतं ते ठेवा. आजीच्या गोळ्यांचा डबा रविवारी भरायचा, वीस मिनिटं. भावाचा अभ्यास संध्याकाळी अर्धा तास. ऑनलाइन अर्ज तिने टाइप करावेत, पण ओटीपी सांगायचा, सही करायची, कार्यालयात जायचं ते वडिलांनी. पाणी, हप्तेवाला, रेशनची रांग, हजार पुरा करणं हे सगळं तिच्याकडून जावं. आणि जे काढाल ते कुणाकडे गेलं हे तिच्यासमोर सांगा. नाहीतर ती रात्री दीडला उठून बघणारच पाणी कोण भरतंय.

शिलाईच्या कारखान्याबद्दल आईशी आत्ता वाद घालू नका. एवढंच सांगा की सरकारी आणि अनुदानित शाळेत मुलीला बारावीपर्यंत फी नाही, आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. पुढचं निकालानंतर.

पासोडी
सगळ्यांचे आभार. गेल्या आठ दिवसांत झालं ते असं. परवा पाणी वडिलांनी भरलं. मुलगी दोनदा उठून आली, तिसऱ्यांदा आली नाही. आधारचा नंबर बदलायला टाकला. शाखेत फोन नंबर बदलून पोच घेतली, शाखेतला माणूस आधी देत नव्हता, लेखी आहे म्हटल्यावर दिली. सिम मिळालं नाही. इकाम्याचा फोटो मात्र मुलीच्याच फोनमध्ये निघाला, तीन वर्षांपूर्वी वडिलांनी अम्माला पाठवलेला. कफिलाचं नाव त्यावर अरबीत आहे. परत आल्याच्या तारखेचा पुरावा म्हणून हँडबॅगच्या कप्प्यात बोर्डिंग पास आहे, तेवढाच.

खाडीकाठ
इकाम्यावर नाव आहे म्हणजे अर्ज होतो. बोर्डिंग पास थर्मल कागदाचा असणार, त्यावरची अक्षरं उडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, लॅमिनेशन तर नकोच, त्याच्या उष्णतेने सगळा काळा होतो. आज उजेडात फोटो काढा, झेरॉक्स काढा, मूळ प्रत वहीत ठेवा.